कनेरगाव नाक्याचं वरण

हिंगोली जिल्ह्यात केवळ जेवायला म्हणून कुणी जात नाही. औंढ्याला दर्शनाला जातात, हळद घेऊन हिंगोलीच्या मोंढ्यात जातात, लग्नाकार्याला जातात, आणि वाटेत भूक लागली की समोर येईल ते खातात. या मार्चमध्ये मी मात्र खास जेवणासाठी तिथे गेलो आणि पाच दिवस राहिलो. परत येऊन तीन आठवडे झाले, तरी तिथला तो केशरी रस्सा अजून जिभेवरून गेलेला नाही. तिकडे जाणाऱ्यांनी निदान माझ्या चुका करू नयेत म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या घरात बसून राहायची नोकरी माझी होती आणि फिरायची माझ्या बायकोची. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. सकाळी कपाटांची कुलपं काढायची, संध्याकाळी लावायची. सुनंदा एसटीत कंडक्टर होती. तिची शेवटची नऊ वर्षं हिंगोली आगारात गेली. हिंगोली तिचं माहेर. आठवडाभर ती धाकट्या भावाकडे राहायची आणि सुट्टीला नांदेडला यायची. आली की बादलीत पाय बुडवून बसायची आणि आठवड्यात कुठे काय खाल्लं ते सांगायची. गर्दी, सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं, वरिष्ठांचे मेमो, यातलं ती फारसं घरी आणत नसे. आणायची ते जवळा बाजारचे भजे, आणि सगळ्यांच्या वर कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्याचं वरण. अकोल्याची फेरी करून परतताना तिची जेवायची वेळ तिथे व्हायची.

"तसलं वरण तुमच्या पुस्तकात बी सापडायचं न्हाई," ती म्हणे. "एकदा या. खिडकीची जागा देते, वाचत बसा. तिकीट मात्र फाडावं लागन."

मी हो म्हणे आणि पान उलटे. नऊ वर्षांत मी एकदाही गेलो नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ती दोन दिवसांत गेली.

वर्ष होत आलं तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हिंगोलीत, तिच्या माहेरच्या वस्तीतल्या विहाराच्या अंगणात करायचं ठरलं. माणसं दीडशेच्या आसपास. बाकी सगळं मी तिच्या भावावर सोडलं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं, की त्या दिवशीच्या पंगतीत तिला आवडलेलं जेवण असावं. ते जेवण कोणतं आणि कुठे मिळतं हे आपल्याला पक्कं माहीत आहे, अशी माझी समजूत होती.

बुधवार, हिंगोली

कळमनुरी मागे पडली तसा हळदीचा वास गाडीत शिरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत हळद शिजवायचे कुकर धूर सोडत होते आणि शिजलेले कंद मोकळ्या रानात वाळत पडले होते. लांबून ते मातीसारखेच दिसतात. एखादा मोडला की मग आतला रंग कळतो. इतका रंग आणि इतका वास असलेल्या मुलुखात जेवणही तसंच असणार, असं मला त्या खिडकीत वाटलं होतं.

स्टँडवर भास्कर घ्यायला आला होता. सुनंदाचा हा धाकटा भाऊ. त्याचं खताबियाण्यांचं दुकान आहे आणि जिल्ह्यात त्याला न ओळखणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. मला घरी न नेता त्यानं गाडी थेट बायपासला काढली. तिथे एक नवं फॅमिली रेस्टॉरंट झालं आहे. रविवारचं जेवण त्यांच्याकडूनच आणवायचं असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. मला फक्त चव दाखवायची होती.

"जिल्ह्यात एक नंबर हाय, दाजी. बाहेर गाड्या बघा किती. गाडी खोटं बोलत न्हाई."

गाड्या खरंच खूप होत्या. दारात एक कारंजं होतं, त्यात पाणी नव्हतं. दिवे मात्र भर दुपारी जळत होते. आत प्लास्टिकच्या हिरवळीची भिंत होती आणि तिच्यासमोर उभे राहून लोक फोटो काढत होते. मेन्यूकार्ड चौदा पानांचं. मी सवयीनं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. सातव्या पानावर असताना भास्करनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, ते वाचायचं नसतं, सांगायचं असतं."

त्यानं पनीरच्या तीन वेगवेगळ्या भाज्या सांगितल्या. वेटरनं तिखट करू की मीडियम असं विचारलं, मी तिखट म्हटलं. अर्ध्या तासानं तीन वाडगे आले. पहिल्यात केशरी रस्सा होता. दुसऱ्यात तोच रस्सा, वर मलईची एक रेघ. तिसऱ्यात तोच, रेघेऐवजी काजूचे दोन तुकडे. तिन्ही गोड होते. वेटरला सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "फॅमिलीसाठी आसंच आसतं, सर." मी आणि भास्कर, दोघेच होतो. आम्हाला फॅमिली कुणी केलं ते मला समजलं नाही. रोटी तोडताना माझं कोपर शेजारच्या ग्लासला लागलं आणि पाणी थेट भास्करच्या मांडीवर गेलं.

नांदेडला एखाद्या खानावळीत असं जेवण आलं तर निदान गल्ल्यावरचा माणूस ओशाळतो. इथे निघताना त्यांनी आम्हाला बडीशेप दिली आणि भिंतीपाशी फोटो काढणार का म्हणून विचारलं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, हे जेवण सुनंदाच्या कार्यक्रमाला नको. तिला आवडलेलं जेवण हवं. वरण हवं, भाकरी हवी, भजे हवेत. भास्करनं गाडी सुरूच केली नाही. त्यानं दोन्ही हात चाकावर ठेवले.

"अक्काच्या कार्यक्रमाला वरणभात वाढला तर लोकं काय म्हनतील म्हाईत हाय का? म्हनतील, दाजीनं जन्मभर पुस्तकं घेतली आन् बायकोला वरणावर वाटेला लावलं."

हे मला लागलं. त्याला तसं बोलायचा हक्क होता, कारण नऊ वर्षं ती त्याच्या घरात राहिली होती आणि पहाटेच्या ड्यूटीला तिला आगारात सोडायला तोच जात होता. शेवटी असं ठरलं, की शुक्रवारपर्यंत मी तिची ठिकाणं शोधावीत. तिथलं जेवण पटलं तर तेच रविवारी होईल. नाही पटलं तर पनीरचा बुफे, आणि मग मी एक शब्द बोलायचा नाही.

गुरुवार, जवळा बाजार

औंढ्यावरून परभणीकडे जाताना जवळा बाजार लागतं. त्या दिवशी आठवडी बाजार होता. लाल मिरचीचे ढीग, दोरखंडं, कासऱ्यांना लावायचे गोंडे, पत्र्याच्या पेट्या, आणि एका ताडपत्रीवर नुसते चष्मे, ज्याला ज्यातून दिसेल त्यानं तो घ्यावा. भज्यांचं हॉटेल कुणालाही विचारलं की सापडतं, इतकं त्याचं नाव आहे. औंढ्याला येणारे लोक वाट वाकडी करून इथे येतात, असं भास्कर म्हणाला.

बाकावर जागा मिळायलाच बराच वेळ गेला. भजे समोर आले ते काचेच्या कपाटातल्या परातीतून. हाताला गार लागले, आणि दाबल्यावर बोटांना तेल लागलं. तळून ठेवलेले भजे गिऱ्हाईक आलं की निदान पुन्हा तेलात बुडवतात, तेही यांच्या नशिबी आलेलं नव्हतं. चटणीची बाटली दाबली तर काही निघेना. आणखी दाबली तेव्हा झाकणासकट सगळी चटणी माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आली. नांदेडला भज्यांबरोबर तळलेली मिरची न मागता येते. इथे मागितली, तर पोऱ्यानं नव्हे, चांगल्या पन्नाशीच्या माणसानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्याच्या घरातलं भांडं मागतो आहे.

याच वेळी कढईतून नवा घाणा निघाला. फुगलेले, वाफ येणारे, कांद्याच्या कडा करपलेले भजे. मी हात वर केला. पण तो घाणा माझ्या डोळ्यांदेखत एका खाकी कपड्यातल्या माणसाला गेला. तो दुकानाच्या बाजूनं आला, त्यानं काही सांगितलंही नाही, आणि कढईवाल्यानं झाऱ्यानंच कागदावर भजे टाकून वर चार मिरच्या ठेवल्या.

मी जाऊन म्हटलं, मी अर्धा तास बसलो आहे आणि मला शिळे का?

"त्यांची गाडी सुटून राहिली," मालक म्हणाला. "तुमाला काय घाई?"

मला खरोखरच कसली घाई नव्हती. मी परत येऊन बसलो आणि ते गार भजे निम्मे खाल्ले. याच भज्यांसाठी सुनंदा दर आठवड्याला डोळे मिटून 'हाय रे' म्हणायची? तिच्या जिभेवर माझा आजवर विश्वास होता. त्या बाकावर पहिल्यांदा तो थोडा हलला. आजारी माणसाच्या नाडीसारखं मी पुन्हा एक भजं दाबून पाहिलं, आणि उठलो.

परतताना औंढ्याच्या अलीकडे एका थाळीवाल्याकडे थांबलो, कारण भास्करला बाहेर सात गाड्या दिसल्या. थाळीत अकरा वाट्या होत्या. चारांत बटाटा होता आणि एकीत काय होतं ते आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. भास्करनं ती वाटी अलगद माझ्याकडे सरकवली आणि मी ती परत त्याच्याकडे.

शुक्रवार, कनेरगाव नाका

हिंगोलीहून वाशीमच्या वाटेला लागलं की माणसांच्या बोलण्यात हळूहळू वऱ्हाड शिरतं. नाक्याच्या अलीकडे शेतांतला गहू सोंगून झाला होता आणि बांधावरचे पळस लाल झाले होते. मला रात्री झोप अशी लागली नव्हती. आजचा दिवस वाया गेला तर परवा सुनंदाच्या फोटोसमोर त्या मलईच्या रेघेची भाजी वाढली जाणार होती.

ढाबा ओळखायला अडचण पडली नाही. लिंबाचं झाड, त्याखाली पाण्याची टाकी, समोर तीन ट्रक, दोन एसट्या आणि एक खासगी बस. तिनं सांगितलं होतं तसंच सगळं. गाड्या मोजून भास्करचा चेहरा उजळला. आम्ही बाहेरच्या मांडवात बसलो. मी वरण मागितलं.

वेटरनं दाल फ्राय, दाल तडका, दाल कोल्हापुरी अशी नावं घेतली. मी म्हटलं, साधं वरण. तो म्हणाला, "तेच ना, दाल तडका."

आलं ते घट्ट होतं, चमच्यानं उचललं की उचलल्या जागी खड्डा राहत होता. रंग केशरी. बुधवारी पाहिला होता तोच. वर तेलाचा थर आणि त्यात जळून काळी झालेली एक मिरची. मी दोन घास खाल्ले. डाळ कुठे होती कोण जाणे. पिठाची आणि पाकिटातल्या मसाल्याची चव होती. भाकरी नव्हतीच, रोटी होती, आणि ती बुधवारच्या रोटीची सख्खी बहीण.

मी चिडका माणूस नाही. ग्रंथालयात तीस वर्षांत मी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. पण त्या वाटीसमोर बसून मला राग आला. आधी ढाब्याचा आला. मग सुनंदाचा आला. नऊ वर्षं तिनं मला या वाटीचं कौतुक सांगितलं होतं? की तिनं दुसरंच काही सांगितलं होतं, आणि मी पान उलटताना ते निसटलं? तिची एक गोष्ट मला माहीत आहे असं मी म्हणत होतो, आणि तीही खोटी निघाली.

भास्करला जिंकल्याचा आनंद झाला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझी वाटी बाजूला केली आणि हळू आवाजात म्हणाला, "चला, दाजी. जाऊ द्या. बुफेचं सांगून टाकतो."

मी उठून गल्ल्यावर गेलो. तिथे जाडसर मालक मोबाइल बघत बसला होता. मी त्याला सांगितलं, की माझी बायको नऊ वर्षं तुमच्या वरणाचं नाव काढत होती. ती एसटीत कंडक्टर होती, अकोल्याच्या गाडीवर. आता ती नाही. आणि तिच्या नावानं मी आलो, तर तुम्ही हे देता.

त्यानं मोबाइल उपडा ठेवला. "चष्मेवाल्या बाई? सुनंदाबाई?" माझ्याकडे तो वरपासून खालपर्यंत बघत राहिला. "मंग तुमी पुस्तकवाले."

मी मान हलवली.

"मंग तुमी बाहेर काहून बसले?"

मला वाटलं तो माझीच चूक काढतो आहे, आणि एका अर्थी ते खरं होतं. त्यानं जे सांगितलं ते रस्त्यावर पोट असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. माझ्यासारख्या घरात बसणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. गाडी ढाब्यावर थांबवायची की पुढे न्यायची हे ड्रायव्हर-कंडक्टर ठरवतात. म्हणून त्यांचं जेवण ढाब्याकडून, आणि ते आत. आतली चूल वेगळी. तिथे ढाब्यावर काम करणाऱ्यांसाठी जे शिजतं तेच त्यांच्या ताटात पडतं. बाहेरचं जेवण त्यांच्यासमोर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी गाडी थांबायची नाही, तो सरळ म्हणाला. सुनंदा नऊ वर्षांत एकदाही बाहेर बसलेली नव्हती. मांडवातल्या प्रवाशांना काय वाढलं जातं, ते तिला बहुधा माहीतही नसावं.

भास्कर ऐकत होता. गाडी खोटं बोलत नाही हे त्याचं वाक्य त्याला आठवलं असणार, कारण त्यानं बाहेरच्या त्या सहा गाड्यांकडे एकदा वळून पाहिलं. मला आमच्या नांदेडचं लंगर आठवलं. तिथे कुणीही येऊन बसतो आणि सगळ्यांना एकाच बादलीतली डाळ मिळते. इथे एकाच छपराखाली दोन वरणं होती. मालकाला मी तसं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

आतली खोली

मागे पत्र्याची एक खोली होती. एक लांब टेबल, त्यावर फुलाफुलांचं मेणकापड, आणि दोन ड्रायव्हर भाकरी कुस्करत बसलेले. चुलीपाशी लालीबाई होत्या. जवळच्याच तांड्यावरच्या, माझ्याच वयाच्या. मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. मालकानं मी कोण ते सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मला आणि भास्करला ताटं मांडली. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. मग पळीत तेल तापवून लसूण-जिऱ्याची फोडणी केली, ती माझ्यासमोर वाटीतल्या वरणावर ओतली, आणि वाटी चुरचुरत पुढे आली.

मी खाल्लं. खरं सांगायचं तर त्या वरणात काही विशेष नव्हतं. तुरीची डाळ, नवी हळद, लसूण, मीठ. मी घरी करतो तसंच. सुनंदाच्या ड्यूटीमुळे आमच्याकडे स्वयंपाक बऱ्याचदा मीच करायचो, आणि सुट्टीच्या दिवशी ती घरी पोचायची तेव्हा ओट्यावर असंच वरण असायचं. एवढ्यासाठी मी तीन दिवस हा जिल्हा खात फिरलो होतो? मी अर्ध्या भाकरीवर हात आखडता घेतला आणि उठायला लागलो.

लालीबाई पळी घेऊन डोक्याशी उभ्याच होत्या. "बसा. गाडी चालली का तुमची?" असं म्हणून त्यांनी पुन्हा वाढलं, पुन्हा गरम फोडणी घातली. वाटी रिकामी झाली की पळी येई. मी हात आडवा केला तर त्या तशाच थांबून राहत, मी तो काढेपर्यंत.

मग त्या बोलायला लागल्या. सुनंदा पहिल्यांदा आली तेव्हा बाहेरून प्रवासी हाका मारत होते म्हणून ती अर्ध्या ताटावरून उठली होती.

"म्या भायेर गेले. म्हनलं, कंडक्टर बाई जेवून राहिली. तिच्याबिगर गाडी जात न्हाई, तवर गुमान बसा. मंग बसले समदे." टेबलावरचा एक ड्रायव्हर हसला, तोही तेव्हा होता. लालीबाई पुढे म्हणाल्या, "तवापासून कदी अर्ध्यावरून उठू दिलं न्हाई. ती म्हने, घरी मालक सैपाक करतो, चांगला करतो, ताट झाकून ठिवतो. म्या इचारलं, वाढतो का?"

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"हासली. म्हने, वाचत आसतो."

भास्करनं खाली बघून कांदा फोडला. ताट मी नेहमी झाकून ठेवत असे. वर पातेल्याचं झाकण, त्यावर पालथी वाटी, माशा बसू नयेत म्हणून. ती आली की मी पुस्तकातून 'ओट्यावर आहे' असं म्हणत असे, आणि ती गार वरण गार भातावर घालून, माझ्यासमोर बसून, कनेरगाव नाक्याच्या वरणाचं कौतुक सांगत असे.

मी लालीबाईंना रविवारबद्दल विचारलं. मालकानं लगेच रविवारी गर्दी असते म्हणून सांगायला सुरुवात केली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. येईन म्हणाल्या, पण अट घातली. दीडशे माणसांचं वरण करून ठेवायचं नाही. पंगत बसल्यावर बादलीबादलीला फोडणी पडेल, आणि ती गरम असताना ताटात गेली पाहिजे.

"वाढणारा मानूस पळता पायजे. थंडं वाढायचं आसंल तर भायेरचंच न्या."

भास्कर मनात वस्तीतल्या पोरांची नावं जुळवत असावा. "पळता मानूस कोन घ्यावा?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "मी."

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. "दाजी, तुमी?"

रविवार, हिंगोली

त्रिशरण-पंचशील झालं, पाच जण सुनंदाबद्दल बोलले, आणि अंगणात पंगत बसली. भास्करला राहवलं नव्हतं; पनीरचा एक मोठा डबा त्यानं मागवलाच. तो संध्याकाळपर्यंत जवळजवळ भरलेलाच होता.

विहाराच्या मागे लालीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. एक बादली भरली की फोडणी पडायची आणि मी पळत सुटायचो. तिसऱ्या खेपेला पाय अडकून भास्करच्या चुलत्याच्या धोतरावर पळीभर वरण गेलं. त्यांनी धोतराचा सोगा झटकला. सुनंदाची एक मावशी म्हणाली, वरण साधंच आहे की. मी पुढे गेलो तेव्हा तिनं मागून हाक मारून पुन्हा घेतलं. आगारातले सात-आठ जण ड्यूटीवरून खाकीतच आले होते. ते सवयीनं वेगळे बसायची जागा शोधत होते. भास्करनं त्यांना पंगतीत मधोमध बसवलं आणि तीच बादली त्यांच्यापर्यंत गेली.

कनेरगाव नाक्यावर थांबलात तर लिंबाखालच्या मांडवात बसू नका, एवढंच मी तुम्हाला सांगू शकतो. आत बसायचं तर कंडक्टर व्हावं लागतं. जवळा बाजारला भजे खायचेच असतील तर परभणीची गाडी सुटायच्या बेतात असताना खाकीतल्या माणसाच्या मागे उभे राहा. बायपासवरच्या रेस्टॉरंटविषयी मला यापेक्षा जास्त काही लिहावंसं वाटत नाही.

सगळ्यात शेवटी लालीबाई जेवायला बसल्या. तोवर माझे पाय भरून आले होते आणि सदऱ्यावर हळदीचे डाग पडले होते. शेवटची बादली घेऊन मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. एक पळी झाल्यावर त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि भांडी आवरायची राहिली आहेत म्हणून उठायला लागल्या.

"बसा," मी म्हटलं. "अजून गरम आहे."

पळी हातात धरून मी तसाच उभा राहिलो. त्यांनी एकदा वर पाहिलं, आणि हात बाजूला घेतला.